आतल्या पानावरची बातमी

माध्यमं पक्षपाती आहेत अशी तक्रार करताना आपण बहुतेक वेळा छापून आलेल्या मजकुराकडे बोट दाखवतो. मथळा भडक होता, अमक्याची बाजू आधी मांडली, तमक्याला दोन ओळींत गुंडाळलं, फोटो मुद्दाम वाईट निवडला. ही तक्रार पुष्कळदा खरीही असते. पण छापलेल्या मजकुरातला कल निदान डोळ्यांसमोर असतो. त्यावर वाद घालता येतो, संपादकाला पत्र लिहिता येतं, दुसरा पेपर घेता येतो. जी बातमी छापलीच गेली नाही, किंवा छापली पण कोणाची नजर पडणार नाही अशा जागी, तिच्याबद्दल वाचक तक्रार तरी कशी करणार? माझ्या मते माध्यमांचा सर्वांत घातक पक्षपात तिथे असतो, आणि तो बहुधा कोणी ठरवून केलेला नसतो. ओळखीपाळखीतून, कामाच्या सवयीतून, आपल्या शहरातल्या मोठ्या संस्थांबद्दलच्या आदरातून तो घडत जातो. टॉम मॅकार्थी यांचा 'स्पॉटलाइट' (२०१५) हा चित्रपट पत्रकारांच्या विजयाची गोष्ट म्हणून जगभर नावाजला गेला. उत्कृष्ट चित्रपट आणि उत्कृष्ट मूळ पटकथा ही ऑस्कर पारितोषिकं त्याला मिळाली. मला मात्र त्याचं खरं मोल वेगळ्या ठिकाणी दिसतं. ज्या वर्तमानपत्राचा तो गौरव करतो, त्याच वर्तमानपत्राने आधी काय केलं नव्हतं, हे तो दाखवतो.

'बॉस्टन ग्लोब' या दैनिकात १९७० पासून 'स्पॉटलाइट' नावाचं एक छोटं पथक आहे. रोजच्या बातम्यांच्या धबडग्यातून त्याला मोकळं ठेवलेलं असतं. एक विषय हाती घेऊन महिनोन्‌महिने त्याच्या मुळाशी जाणं हेच त्याचं काम. ६ जानेवारी २००२ च्या रविवारच्या अंकात या पथकाची बातमी पहिल्या पानावर आली. जॉन गेगन या धर्मगुरूने तीस वर्षांच्या काळात अर्धा डझन धर्मग्रामांमध्ये लहान मुलांचं लैंगिक शोषण केलं होतं आणि १३० हून अधिक जण तक्रार घेऊन पुढे आले होते. बातमीचा गाभा मात्र त्या एका माणसाच्या कृत्यांपलीकडे होता. बॉस्टन महाधर्मप्रांताच्या वरिष्ठांना सगळं ठाऊक होतं, आणि तरीही ते त्याला एका धर्मग्रामातून दुसऱ्यात पाठवत राहिले, असं कागदपत्रांतून दिसत होतं. त्या एका वर्षात 'ग्लोब'ने या विषयावर सुमारे ६०० बातम्या दिल्या. डिसेंबर २००२ मध्ये महाधर्मप्रांताचे प्रमुख कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी राजीनामा दिला. २००३ मध्ये 'ग्लोब'ला लोकसेवेसाठीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी महाधर्मप्रांताने ५५२ जणांना मिळून साडेआठ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ॲटर्नी जनरलनी जुलै २००३ मध्ये काढलेल्या अहवालात तक्रारी करणाऱ्यांची संख्या ७८९ होती. दीर्घकाळ चाललेला, शेकडो कुटुंबांना माहीत असलेला हा प्रकार देशातल्या एका नामांकित वर्तमानपत्राच्या दारात घडत होता. मग तो इतका उशिरा बातमी का झाला, हा चित्रपटाचा खरा प्रश्न आहे.

चित्रपट त्याचं उत्तर संवादांइतकंच दृश्यांतून देतो. बॉस्टन हे आयरिश कॅथलिकांचं शहर. महाधर्मप्रांतात तेव्हा सुमारे वीस लाख कॅथलिक. बातमीदार एखाद्या पीडिताशी बोलत रस्त्याने चालतात तेव्हा मागे चर्चचा मनोरा असतो, कोणाच्या दारावर थाप मारतात तेव्हा शेजारी चर्च असतं. कॅमेरा ते मुद्दाम दाखवत नाही, पण ते चौकटीतून जातही नाही. पथकाचे प्रमुख वॉल्टर रॉबिन्सन ज्या कॅथलिक शाळेत शिकले ती 'ग्लोब'च्या तेव्हाच्या कार्यालयासमोरच होती. पथकातले चारही बातमीदार कॅथलिक घरांत वाढलेले. रॉबिन्सन यांचा गोल्फ खेळणारा वकील मित्र चर्चची प्रकरणं मिटवणारा निघतो. पथकातली साशा फायफर आपल्या आजीबरोबर चर्चला जाते. प्रकाशक सांगतात की आपले ५३ टक्के वर्गणीदार कॅथलिक आहेत. यातलं कोणीही वाईट नाही. कोणी पैसे घेतलेले नाहीत, कोणाला धमकीचा फोन आलेला नाही. हे सगळे एकमेकांना शाळेपासून ओळखतात, एकाच धर्मादाय समारंभात एकाच टेबलावर जेवतात, आणि काही प्रश्न विचारणं त्यांना अशोभनीय वाटतं. शहराची थोर माणसं आणि शहराचं वर्तमानपत्र यांच्यात कुठलाही लेखी करार नसताना तो पाळला जातो.

या वर्तुळात जुलै २००१ च्या अखेरीस मार्टी बॅरन संपादक म्हणून येतात. फ्लोरिडाचे, 'मायामी हेरल्ड'मधून आलेले, ज्यू, बॉस्टनमध्ये कोणाशी नातं नसलेले. त्यांच्या येण्याआधीच 'ग्लोब'च्या स्तंभलेखिका आयलीन मॅकनमारा यांनी गेगन प्रकरणावर लिहिलं होतं, आणि न्यायालयातली कागदपत्रं सीलबंद असल्याने सत्य कदाचित कधीच कळणार नाही, अशा अर्थाचा त्या लेखाचा सूर होता. बॅरन यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, की ती कागदपत्रं खुली व्हावीत म्हणून आपण न्यायालयात का जात नाही? प्रश्न साधा होता. वर्तमानपत्राने अशी मागणी करण्यात कायद्याची काही अडचण नव्हती. सरकारी कागदपत्रांसाठी 'ग्लोब' एरवी न्यायालयात जातच असे. फक्त या एका संस्थेविरुद्ध जाण्याचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. बंदी असली की माणूस तिच्याविरुद्ध बंड करू शकतो. इथे बंदी नव्हती, म्हणून कोणालाच काही मोडावंसं वाटलं नाही. पुढे कार्डिनल लॉ बॅरन यांना भेटीला बोलावतात आणि शहराच्या मोठ्या संस्था हातात हात घालून चालल्या की शहराची भरभराट होते, असं सौम्यपणे सुचवतात. वर्तमानपत्राला एकट्याने उभं राहावं लागतं, असं बॅरन तितक्याच सौम्यपणे सांगतात. त्या दोन वाक्यांमध्ये चित्रपटाचा सगळा वाद आला आहे.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो धागा वेगळाच. एरिक मॅक्लीश हे वकील अनेक पीडितांचे दावे न्यायालयाबाहेर, गुप्ततेच्या अटीवर मिटवत आले होते. बातमीदार त्यांना जाब विचारायला जातात, तेव्हा ते उलट सांगतात, की मी तुमच्याच पेपरला वीस धर्मगुरूंची नावं कित्येक वर्षांपूर्वी कळवली होती, तुम्ही काय केलंत? शोधाशोध केल्यावर कात्रण सापडतं. बातमी आलेली होती, पण शहर विभागाच्या आतल्या पानावर, लहानशी, आणि पुढे तिचा पाठपुरावा झाला नव्हता. त्या वेळी शहर विभागाचे संपादक रॉबिन्सन स्वतः होते. हा प्रसंग पटकथेच्या सोयीसाठी रचलेला नाही. मॅकार्थी आणि सहलेखक जॉश सिंगर हे पटकथेसाठी संशोधन करत असताना त्यांना १९९३ चं हे कात्रण मिळालं आणि ते त्यांनी खऱ्या रॉबिन्सन यांच्यापुढे ठेवलं. त्यांना ती बातमी आठवतही नव्हती, पण जबाबदारी त्यांनी नाकारली नाही. मला या न आठवण्यात फार मोठा पुरावा दिसतो. बातमी दाबायची म्हणून जो दाबतो, त्याच्या ती लक्षात राहते. इथे कोणी काही दाबलं नव्हतं. नवीन पद, रोजचा दबाव, समोर आलेल्या पन्नास बातम्या, त्यातली ही एक. तिला एक जागा दिली गेली आणि दिवस संपला. वीस मुलांचे नव्हे, वीस धर्मगुरूंचे गुन्हे एका आतल्या पानावर मावले आणि त्याचा ओरखडाही कोणाच्या मनावर राहिला नाही. त्यानंतर जवळजवळ आठ वर्षं गेली.

चर्चला हात लावायचाच नाही, असं 'ग्लोब'चं धोरण नव्हतं, हेही सांगायला हवं. नाहीतर मुद्दा चुकीच्या दिशेने जाईल. १९९२ मध्ये शेजारच्या फॉल रिव्हर धर्मप्रांतातल्या जेम्स पोर्टर या माजी धर्मगुरूचं प्रकरण 'ग्लोब'ने भरपूर छापलं. इतकं, की कार्डिनल लॉ यांनी जाहीरपणे माध्यमांवर, विशेषतः 'ग्लोब'वर, देवाचा कोप ओढवावा अशा शब्दांत राग व्यक्त केला. म्हणजे दप्तर कोरं नव्हतं. पोर्टरची बातमी होती, गेगनच्या बातम्या होत्या, वीस नावांचीही होती. नव्हती ती या बातम्यांना जोडणारी ओळ. प्रत्येक वेळी एक वाईट धर्मगुरू सापडला, अशीच मांडणी होत गेली. राज्यशास्त्रज्ञ शांतो अय्यंगार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दूरचित्रवाणीच्या बातम्यांबाबत हाच फरक तपासला होता. गरिबी, गुन्हेगारी यांसारखा विषय एकेका सुट्या घटनेच्या रूपात दाखवला की प्रेक्षक त्या घटनेतल्या व्यक्तीला जबाबदार धरतात; तोच विषय व्यापक चित्र म्हणून मांडला की समाज, सरकार आणि संस्था यांच्या जबाबदारीकडे त्यांचं लक्ष जातं. सुटी बातमी खोटी नसते, तिच्यातला प्रत्येक तपशील खरा असू शकतो. तरीही खऱ्या तपशिलांची सुटी रास वाचकाला चुकीच्या निष्कर्षाकडे नेऊ शकते. बॅरन यांनी पथकाला दिलेली सूचना म्हणून निर्णायक ठरते. धर्मगुरूंची नावं मिळाली तरी थांबा, आपल्याला व्यवस्था दाखवायची आहे, व्यक्ती नव्हे. पन्नास धर्मगुरूंच्या पन्नास बातम्या आल्या असत्या तर पन्नास वेळा खेद व्यक्त झाला असता आणि बदल्या तशाच चालू राहिल्या असत्या.

दुष्ट हेतूशिवाय बातमी कलते, हे निरीक्षण या चित्रपटापेक्षा फार जुनं आहे. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ यांनी १९२० मध्ये 'न्यू रिपब्लिक' साप्ताहिकाच्या खास पुरवणीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने रशियन क्रांतीच्या केलेल्या वार्तांकनाची छाननी प्रसिद्ध केली. बोल्शेविक राजवट कोसळली आहे किंवा कोसळण्याच्या बेतात आहे, असं त्या दैनिकाने दोन वर्षांत ९१ वेळा सांगितलं होतं. राजवट तर टिकून राहिली. दोघांचा निष्कर्ष असा होता, की यामागे कट शोधायचं कारण नाही. बातमीदार आणि संपादक यांच्या मनातली आशा आणि भीती यांनीच सेन्सॉरचं आणि प्रचारकाचं काम केलं. जे घडावं असं वाटत होतं, ते घडत असल्याचं त्यांना दिसत होतं. तीस वर्षांनी, १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी, डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी एका अमेरिकी शहरातल्या दैनिकाच्या तार-संपादकाला नाकारलेल्या प्रत्येक बातमीवर कारण लिहून ठेवायला सांगितलं. आलेल्या मजकुरापैकी जेमतेम दहावा हिस्सा छापला जात होता. उरलेल्या नऊ हिश्श्यांवर लिहिलेली कारणं 'जागा नाही' इथपासून 'रटाळ', 'प्रचारकी' इथपर्यंत होती, आणि त्यांत त्याच्या वैयक्तिक आवडीनिवडी जागोजागी डोकावत होत्या. संपादनाचं मोठं काम नाकारण्याचंच असतं. म्हणून वर्तमानपत्राचा कल मोजायचा असेल तर छापील अंक मोजून पुरत नाही, कारण टोपलीत गेलेला नऊ पट मजकूर वाचकाला कधी दिसतच नाही.

इथे एक आक्षेप येईल. पक्षपात इतका अदृश्य असेल तर तो आहे हे कशावरून म्हणायचं? ज्याला जे आवडत नाही त्याला तो पक्षपात म्हणतो, एवढंच तर यात नाही ना? हा आक्षेप हलका नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्याला बळ देतो. १९८२ च्या बैरुतमधल्या हत्याकांडाच्या अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या त्याच बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या प्रेक्षकांना दाखवल्या. दोन्ही गटांना तीच फीत आपल्याविरुद्ध झुकलेली वाटली. म्हणजे वाचकाला पक्षपात वाटणं हा पक्षपात असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. आणि दोन्ही बाजू रागावल्या म्हणजे आपण समतोल आहोत, हे संपादकांचं लाडकं समाधानही त्यामुळे पोकळ ठरतं. पण या प्रयोगातून माझ्या मुद्द्याला उलट आधारच मिळतो. प्रेक्षकांचे ते दोन्ही गट निदान एका प्रसिद्ध झालेल्या बातमीवर भांडत होते. बॉस्टनमध्ये १९९२ ते २००१ या काळात चर्चविरुद्ध पक्षपात होतो आहे अशी तक्रार ऐकू येत होती, आणि ती खुद्द कार्डिनलांची होती. पीडित मुलांच्या बाजूने पक्षपाताची तक्रार करणारा आवाज कुठे पोहोचतच नव्हता. चित्रपटात फिल सॅव्हियानो हा पीडित सांगतो, की हे सगळे कागद मी पूर्वीच तुमच्या पेपरला पाठवले होते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा आवाज तक्रारींच्या यादीतही नसणं, हीच तर त्या पक्षपाताची खूण आहे. तेव्हा तो मोजण्याचं साधन म्हणजे काय ठाऊक होतं आणि काय छापलं, यांतलं अंतर. ते दप्तरातून दाखवता येतं, आणि पटकथालेखकांनी ते दाखवलं.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूचा आहे. 'ग्लोब' हे उदारमतवादी दैनिक, चर्चशी त्याचे जुने मतभेद, तेव्हा ही सगळी मोहीमच पूर्वग्रहातून आली, असं अनेक श्रद्धाळू कॅथलिकांना प्रामाणिकपणे वाटलं. बातमीदारांच्या मनात काय होतं याचा शोध घेत बसलो तर या आक्षेपाला उत्तर कधीच सापडणार नाही. कोणाचंही मन कोरं नसतं. उत्तर कामाच्या रीतीत आहे, आणि ती रीत चित्रपट अतिशय सविस्तर, जवळजवळ कंटाळा येईल इतक्या संयमाने दाखवतो. महाधर्मप्रांत दर वर्षी आपल्या धर्मगुरूंची निर्देशिका छापत असे. कोण कुठल्या धर्मग्रामात आहे, कोण आजारपणाच्या रजेवर, कोणाची नेमणूक व्हायची आहे, अशा नोंदी तीत असत. ज्यांच्यावरचे आरोप आधीच ठाऊक होते ते धर्मगुरू मधल्या वर्षांत अशाच शेऱ्यांखाली दिसतात, हे लक्षात आल्यावर बातमीदारांनी उलट वाट धरली. जुन्या निर्देशिका ओळीने तपासायच्या, वारंवार बदली झालेली आणि 'रजेवर' गेलेली नावं संगणकावरच्या तक्त्यात भरायची, आणि प्रत्येक नाव स्वतंत्रपणे पडताळायचं. माजी बेनेडिक्टाइन भिक्षू आणि मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड साइप यांचा अंदाज होता, की सुमारे सहा टक्के धर्मगुरू असं शोषण करतात. बॉस्टनच्या दीड हजार धर्मगुरूंना तो लावला तर ९० आकडा येतो. चित्रपटात निर्देशिकांमधून निघालेली नावं ८७ भरतात. चर्चने स्वतः छापलेल्या पुस्तकांतून, चर्चविषयी पूर्वग्रह असलेल्याला आणि नसलेल्याला सारखीच मोजता येईल अशी ती संख्या होती.

न्यायालयातल्या कागदांचंही तेच. एका बाईने आपल्या नातलगांमधल्या सात मुलांबद्दल तेव्हाचे कार्डिनल मेडेरोस यांना १९८२ मध्ये पत्र लिहिलं होतं. डिसेंबर १९८४ मध्ये सहायक बिशप जॉन डार्सी यांनी कार्डिनल लॉ यांना लिहून गेगनला वेस्टनच्या सेंट ज्युलिया धर्मग्रामात नेमण्याबद्दल चिंता कळवली होती. हे शब्द 'ग्लोब'चे नव्हते. चर्चच्या आत काम करणाऱ्यांचे आणि चर्चवर श्रद्धा असलेल्यांचे होते. ऑस्करनंतर व्हॅटिकनच्या 'लॉसर्व्हातोरे रोमानो' या दैनिकानेच हा चित्रपट कॅथलिकविरोधी नाही, असं लिहिलं. लिपमन यांचा आग्रहही याच जागी होता. वस्तुनिष्ठता बातमीदाराच्या स्वभावात शोधू नका, ती त्याच्या पद्धतीत असली पाहिजे. मनातला कल काढून टाकता येत नाही, पण दुसऱ्याला तपासता येईल असा पुरावा मांडता येतो, आणि आपल्याला हवा तो निष्कर्ष निघाल्यावरही आणखी एकदा पडताळून पाहता येतं. पहिली बातमी तयार होत असताना पथकातला बातमीदार रेझेंडिस संतापून तत्काळ छापण्याचा आग्रह धरतो आणि रॉबिन्सन थांबायला सांगतात, तो प्रसंग मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. रेझेंडिसचा संताप न्याय्य आहे. तरी तो संताप बातमीचा पुरावा होत नाही.

मग काय, फक्त परकाच माणूस खरं पाहू शकतो? चित्रपट त्या निष्कर्षाकडे झुकतो. बॅरन ज्यू, पीडितांचे खमके वकील मिचेल गॅराबेडियन आर्मेनियन. बाहेरच्यांनाच हे दिसलं, असं पात्रं बोलूनही दाखवतात. मला हे अर्धवट वाटतं, आणि इतिहास माझ्या बाजूने आहे. लुइझियाना राज्यातल्या अशाच प्रकरणावर देशपातळीवर पहिली मोठी बातमी १९८५ मध्ये 'नॅशनल कॅथलिक रिपोर्टर'ने दिली. कॅथलिकांनी कॅथलिकांसाठी चालवलेलं, पण धर्मप्रांतांच्या ताब्यात नसलेलं हे वृत्तपत्र. बॉस्टनमध्ये सीलबंद कागद खुले करण्याचा आदेश नोव्हेंबर २००१ मध्ये ज्यांनी दिला, त्या न्यायाधीश कॉन्स्टन्स स्वीनी कॅथलिक शाळांत शिकलेल्या होत्या. आणि 'ग्लोब'च्याही आधी, मार्च २००१ मध्ये, 'बॉस्टन फीनिक्स' या त्याच शहरातल्या साप्ताहिकात क्रिस्टन लोम्बार्डी यांनी गेगन आणि कार्डिनल लॉ यांच्यावर सविस्तर लिहिलं होतं. तेव्हा प्रश्न जन्माचा किंवा धर्माचा नाही, अंतराचा आहे. घरचा माणूसही अंतर राखू शकतो. परका माणूसही दोन वर्षांत शहराच्या टेबलावर बसायला शिकतो. 'फीनिक्स'च्या उदाहरणाने आणखी एका आक्षेपाचंही उत्तर मिळतं. झाल्यावर शहाणपण सोपं असतं, त्या काळात कोणाला दिसलं असतं, असं 'ग्लोब'च्या बाजूने म्हणता येईल. पण त्याच शहरात, त्याच काळात, कितीतरी कमी माणसांच्या साप्ताहिकाला दिसलं होतं.

आणि ज्या चित्रपटाने 'फीनिक्स'चा उल्लेख एका ओळीत उरकला, त्याच्या निवडीकडेही याच नजरेने पाहायला हवं. दोन तासांत गोष्ट सांगायची तर नायक हवेत, म्हणून आधी लिहिणारी स्त्री बाहेर राहिली. रॉबिन्सन यांचा वकील मित्र अनेक माणसांना मिळून एक केलेलं पात्र आहे. बॉस्टन कॉलेजच्या प्रवक्त्यांच्या तोंडी घातलेले संवाद तर त्यांनी उच्चारलेच नव्हते. त्यांनी कायदेशीर कारवाईचं पाऊल उचललं, आणि ते संवाद काल्पनिक असल्याचं निर्मात्यांना २०१६ मध्ये जाहीरपणे मान्य करावं लागलं. एका माणसाची अब्रू त्यात गेली होती, आणि ती सत्यनिष्ठेचा गौरव करणाऱ्या चित्रपटात गेली, म्हणून ही चूक अधिक गंभीर मानली पाहिजे. चित्रपटाचा मुख्य दावा त्यामुळे कोसळत नाही, कारण तो त्या संवादांवर उभा नाही. गोष्टीला आकार देताना काय गाळलं जातं, कोणाला कडेला ढकललं जातं, हे मात्र यातून पुन्हा दिसतं.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ओळखी, आदर, सवयी हे सगळं दुय्यम आहे. माध्यमांना खरोखर वाकवतो तो पैसा आणि मालकी, असं एडवर्ड हर्मन आणि नोम चॉम्स्की यांनी १९८८ मध्ये मांडलं. मालक, जाहिरातदार आणि अधिकृत सूत्रं यांच्या गाळण्यांतून बातमी जाते, हा त्यांचा युक्तिवाद. मी तो नाकारत नाही, पण बॉस्टनची गोष्ट त्यात पुरती बसत नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स' कंपनीने 'ग्लोब' १९९३ मध्ये १.१ अब्ज डॉलरला विकत घेतला. म्हणजे वीस नावांची बातमी आतल्या पानावर गेली त्याच वर्षी, आणि २००२ मध्येही मालकी तीच होती. मालक तोच, शहर तेच, वर्गणीदारांतले कॅथलिकही तेवढेच. तरीही एका खेपेला आतलं पान मिळालं आणि दुसऱ्या खेपेला पहिलं. फरक पडला तो कोणीतरी प्रश्न विचारल्याने आणि त्याच्या मागे जायला चार माणसं मोकळी असल्याने. पैशाचा मुद्दा इथे दुसऱ्या बाजूने आत येतो. निर्देशिका तपासायला महिने लागतात, सीलबंद कागदांसाठी वकील लागतात, आणि ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर हे पथकही काही आठवडे दुसऱ्या कामाला जुंपलं गेलं होतं. 'फीनिक्स'ने प्रश्न आधी विचारला, पण न्यायालयात तो लढवण्याची ताकद 'ग्लोब'कडे होती. मार्च २०१३ मध्ये 'फीनिक्स'ची छपाई बंद पडली. त्याच वर्षी 'ग्लोब' सुमारे सात कोटी डॉलरला विकला गेला. वीस वर्षांपूर्वीच्या किमतीच्या पंधराव्या हिश्श्याहूनही तो व्यवहार कमी होता. जाणीवपूर्वक बातमी दाबणारा मालक या साऱ्यात कुठेच नाही. तरी ज्या शहरांत आता एकच दैनिक उरलं आहे आणि त्यात निर्देशिका चाळायला कोणी मोकळं नाही, तिथे वीस नावांची यादी पोहोचली तर आतलं पानही तिच्या वाट्याला येईल याची खात्री देता येत नाही.